टिंबं

तार्तूला जानेवारीत दिवस साडेतीनलाच गाशा गुंडाळतो.
खिडकीखाली नदी, गोठलेली,
तिच्यावरून कुणाच्या तरी सायकलचा एकच माग.
शुक्रवार. टार्मो म्हणतो, सही कर,
सोमवारी नवी आवृत्ती जाऊ दे.
मी म्हणते, शुक्रवारी सही करणाऱ्याने
शनिवारी उभ्यानेच जेवायची तयारी ठेवावी.

माझी मतं इथे सगळ्यांना पाठ आहेत.
की सॉफ्टवेअर कुणी बांधत नाही, सगळे ठिगळं लावतात.
की 'तात्पुरतं' हा शब्द दिसला की समजावं,
हे आपल्या पोरांनाही पुरणार आहे.
की पेशीतला कोड म्हणजे आमच्या कंपनीसारखाच:
निम्मा कशासाठी आहे कुणाला ठाऊक नाही,
आणि काढायची कुणाची छाती होत नाही.
आणि थुंकी, स्वतःची थुंकी,
नळीत भरून अनोळखी माणसाच्या हाती देऊ नये.
पासवर्ड फुटला तर बदलता येतो,
आजोबा बदलून मिळत नाहीत.

तरी बाबांनी दिली.
लोकरीचे हातमोजे फुकट होते.

सहाशे बाराव्या ओळीवर मला एक दार सापडलं,
नुसतं लोटलेलं.
इकडे नळ्यांचे नंबर, तिकडे माणसांची नावं,
मधे कडी नाही.
शेजारी शेरा: तात्पुरतं. नंतर काढणे.
खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख
आणि माझीच आद्याक्षरं.

कुंपणाने शेत खाल्लं का, हे बघायला
आमच्याकडे कुंपणालाच पाठवतात.
दार लावण्याआधी ते किती उघडतं
हे पाहावं लागतं, असं मी अहवालात लिहिलं.
ते खरं आहे.
शोधायला बाबांचंच नाव का टाकलं
ते लिहिलं नाही.

एन्डेल सार्व. वय एक्याऐंशी.
डोळे निळसर, दूध पचतं, गुडघे जपावेत.
जवळची नाती: दोन.
एक मी.
दुसरी माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, हाप्सालूची,
अर्धी जुळणारी.
विर्वे. जन्म १९६८.

किती भांडले होते मी त्या शब्दावरून!
बँकेला, दवाखान्याला, विजेच्या बिलाला
बाबांचा एकच पासवर्ड, विर्वे१९६८,
तोही टाइप करताना मोठ्याने म्हणायचा.
बोटीचं नाव आहे, म्हणाले होते.
मी म्हटलं, बोटीचं नाव शेंबडं पोरही ओळखेल, बदला.
दर नव्वद दिवसांनी मशीन बदलायला लावायचं,
तेव्हा ते शेवटी एक टिंब वाढवायचे.
धुरावल्या मासळीचा वास येणाऱ्या जाड बोटाने
एक टिंब. पुढल्या खेपेला आणखी एक.

आमच्याकडे बोट कधीच नव्हती,
हे मला शुक्रवारी संध्याकाळी सुचलं.

दार लावलं. कडी, कुलूप, चाचणी, परत चाचणी.
टार्मो कोट घालून जिन्यात ताटकळत होता.
अकरा वर्षांच्या नोंदी चाळल्या:
त्या वाटेने कुणी आत गेलं नव्हतं.
एक सोडून.

रविवारी फोन येतो.
"मशीन परत नवा पासवर्ड मागतंय.
या वेळी तू म्हणतेस तसा ठेवतो,
तो लांबलचक, कुणाला न कळणारा."
मागे रेडिओ, किटली, खुर्ची ओढल्याचा आवाज.
मी विचारते, टिंबं किती झाली?
ते मोजतात. मला मोजणं ऐकू येतं.
"अठरा."
"अजून एक टाका."

बराच वेळ नुसता रेडिओ.
मग म्हणतात, "तिकडे किती?"
"उणे एकवीस."
"टोपी घालत जा."